रात्री दारात साध्या वेशातले पोलीस आणि घरात परवान्याची बंदूक

तुमचं पत्र मिळालं. रानातली वस्ती, मध्यरात्र उलटलेली, साध्या कपड्यांतले पाच-सहा जण ‘पोलीस, दार उघडा’ म्हणत दार बडवताहेत. वडिलांनी बारा बोअर काढली, तुम्ही ती हातातून घेतली. माणसं पोलीसच निघाली. पुतण्याला शोधायला आली होती, तो सापडला नाही, तेव्हा मोबाईल आणि मोटारसायकल घेऊन गेली, पंचनामा नाही. वडील विचारतात, गोळी झाडली असती तर कायद्याने सोडलं असतं का?

बहुधा नाही. तुम्ही बंदूक काढून घेतलीत, त्यामुळे घर वाचलं.

वडिलांचा भरवसा भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 वर आहे. सूर्यास्तानंतर घरफोडी करून शिरणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी बचावाचा हक्क मिळू शकतो, हे खरं. पण कलम 37 वाचा. लोकसेवक पदाच्या नात्याने, सद्भावनेने वागत असेल, तर त्याचं कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं तरी त्याच्याविरुद्ध हा हक्क नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच आहे. समोरचा पोलीस आहे हे ठाऊक नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर मात्र ही आडकाठी येत नाही. म्हणजे ‘पोलीस’ ही हाक ऐकून वडिलांना काय वाटलं, आणि तसं वाटायला आधार काय, यावर सगळा खटला उभा राहिला असता. बचाव दाखवून देण्याचा भार आरोपीवरच असतो. दरोडेखोरही पोलीस म्हणून दार वाजवतात, ही वस्तीवरची भीती खोटी नाही आणि न्यायालय ती ऐकून घेतं. पण तोवर वडील खुनाच्या गुन्ह्यात कोठडीत असते. शिवाय बाहेरच्यांकडेही हत्यारं असतात आणि आत लेकरं झोपलेली असतात, हे मला कलमांपेक्षा मोठं वाटतं.

पुन्हा असं घडलं तर दार बंद ठेवूनच 112 ला फोन लावा. नाव, हुद्दा, ठाणं विचारा, ओळखपत्र खिडकीतून पाहा. खात्री पटली की दार उघडा. आरोपीच्या शोधात आलेले पोलीस अधिकार आणि कारण सांगूनही दार उघडलं नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, झडती, जामिनाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 44 खाली ते फोडू शकतात. बंदूक कुलपातच राहू द्या.

आता त्यांचं चुकलं ते. झडतीला दोन पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी आणि तिची प्रत तुम्हाला हवी (याच संहितेचं कलम 103), आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण हवं (कलम 105). यातलं काहीच झालेलं दिसत नाही. मात्र झडती बेकायदा म्हणून हाती लागलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. पूरनमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच ते सांगितलंय. ‘केस उडाली’ असं गावात कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाण्यातलं त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्यातच करा. मोबाईल आणि गाडीसाठी वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्याचा, म्हणजे जप्त वस्तू परत ताब्यात मिळण्याचा, अर्ज करा. मोटारसायकलीची कागदपत्रं, मोबाईलचं बिल, त्या रात्री घरात कोण कोण होतं त्यांची नावं, सगळं सोबत न्या. पुतण्याला लपवू नका. त्याच्यावर गुन्हा कोणता आहे ते आधी कळू द्या, गरज असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येईल. आणि बंदुकीबद्दल जबाब द्यायला बोलावलं, तर वडिलांना एकटं पाठवू नका.