दावेदार, उमेदवार आणि बसलेला गडी

तासगावच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : 'राज्यसभेच्या जागेसाठी चार-पाच नावं चर्चेत आली की बातम्यांत त्यांना कधी दावेदार म्हणतात, कधी इच्छुक उमेदवार, कधी नुसतंच उमेदवार. वर्गात मुलं फरक विचारतात. आणि बाई उभी असेल तर वेगळं रूप आहे का?'

बाई, बरं झालं विचारलंत. हा 'प्रबळ दावेदार' गेली कित्येक वर्षं माझ्या कानाला टोचतोय.

दावेदार म्हणजे हक्क सांगणारा, हा बातम्यांतला अर्थ. मराठीत दावा कोर्टात ठोकतात हे खरं, पण आमच्या साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी दावा म्हणजे वैर. 'त्याच्याशी उभा दावा मांडला', 'बापाचा दावा साधला' हे तुम्हीही ऐकलं असेल. माझी आजी बांधाला बांध लागून असलेल्या एका भाऊबंदाला 'दावेदार' म्हणायची, तेव्हा तिला त्याचा हक्क मान्य करायचा नसायचा. सरळ वैरी म्हणायचं असायचं. तिच्या कानांनी ऐका : 'राज्यसभेच्या जागेचे तीन प्रबळ दावेदार.' म्हणजे जागेचे तीन वैरी! कधीकधी मला वाटतं, म्हातारीचाच अर्थ बरोबर होता.

'इच्छुक उमेदवार' त्याहून वाईट. हे गाईचं गोमूत्र झालं. इच्छा उमेदवारात आहेच, ती पुढे कशाला लावायची? ज्याला तिकीट हवंय तो इच्छुक. ज्याचा अर्ज रीतसर दाखल झाला तो उमेदवार. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं, कलम 79 मध्ये, हे स्पष्ट केलंय : उमेदवार म्हणजे ज्याचं नामनिर्देशन रीतसर झालंय, किंवा तसं झाल्याचा जो दावा करतो तो. (हो, तिथेही दावा आलाच. कायद्यानं मागच्या दारानं दावेदाराला आत घेतला, त्याला मी काय करू.) लोकसभेच्या उमेदवाराचा निवडणूक खर्चसुद्धा नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालापर्यंत मोजतात. त्याआधी गावजेवणं घालणारा हिशेबापुरता नुसता इच्छुक.

आता खऱ्या गमतीकडे येऊ. उमेदवार हा फारसी शब्द. उमेद म्हणजे आशा, आणि 'वार' हा 'असलेला' या अर्थाचा प्रत्यय, कसूरवारमध्ये आहे तोच. सोमवारातल्या 'वार'शी त्याचा संबंध नाही. तलवारीच्या वाराशी तर नाहीच नाही. तर उमेदवार म्हणजे आशा लावून बसलेला. बसलेला हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निवडणुका आल्या त्याच्या कितीतरी आधी हा माणूस कचेरीत होता. माझे एक चुलते तरुणपणी मामलेदार कचेरीत दोन वर्षं 'उमेदवार' होते. पगार शून्य. रोज सकाळी धुतलेली टोपी घालून जायचं, कारकुनाला कागदांच्या नकला करून द्यायच्या, दौतीत शाई भरायची आणि कुणीतरी निवृत्त होण्याची वाट बघायची. याला उमेदवारी करणं म्हणत. आयटीआयमधून बाहेर पडलेला पोरगा आजही साखर कारखान्यात 'शिकाऊ उमेदवार' म्हणूनच लागतो आणि 1961 चा त्याबद्दलचा कायदाही मराठीत शिकाऊ उमेदवारांचाच आहे. म्हणजे मराठीत उमेदवारी म्हणजे आधी बिनपगारी काम शिकणं, मग नेमणूक. दिल्लीला जाऊ बघणाऱ्यांनी यातलं पहिलं कलम गाळलं, दुसरं ठेवलं.

आणखी एक. हिंदीतली उम्मीद नुसती वाट बघते. मराठीत येता येता उमेदीला रग आली. आपण 'उमेद खचली' म्हणतो, 'उमेदीची वर्षं' म्हणतो, तेव्हा आशेपेक्षा हिंमत आणि अंगातला जोर अभिप्रेत असतो. उत्तरेत उम्मीदवार आशाळभूत असेल. आपला उमेदवार दंड थोपटून येतो.

इथे एक विद्वान आडवे येतात. सांगलीत त्यांचं व्याख्यान मी ऐकलंय. ते म्हणाले, इंग्रजीतला कँडिडेट लॅटिनमधून आला, रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढरा केलेला झगा घालायचा, म्हणून त्याला 'शुभ्रवस्त्रधारी' म्हणत. इथपर्यंत ठीक, ही व्युत्पत्ती खरी आहे. पण पुढे त्यांनी ठोकून दिलं की आपल्या पुढाऱ्यांचे पांढरे कपडे ही त्याच परंपरेची खूण! अहो, आपल्याकडचा पांढरा सदरा खादीच्या चळवळीतून आला. रोमच्या खडूचा आणि आमच्या परटाच्या नीळ-कांजीचा काय संबंध? दोन गोष्टी पांढऱ्या दिसल्या म्हणून त्यांची सोयरीक जमत नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

आता माझं स्वतःचं मत. कोशात मिळणार नाही, म्हणूनच सांगतो. आपल्या निवडणुकीची क्रियापदं बघा. उमेदवार उभा राहतो. अर्ज मागे घेतला की तो बसतो, किंवा त्याला बसवतात. हरला की पडतो, किंवा त्याला पाडतात. उभा, बसला, पडला! माझ्या मते ही सगळी भाषा जत्रेच्या कुस्तीच्या फडातली आहे. तिथे गावं आपापला गडी उभा करतात, पंच जोड लावतात, एकजण पडतो. 'लढत' तिथलीच, 'नुरा कुस्ती' तिथलीच, 'अस्मान दाखवलं' तिथलंच. पैलवान उठून सभागृहात जायला निघावा हे तर आमच्याकडे शब्दशः घडलंय : 2024 ला सांगलीच्या लोकसभेला दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील उभे होते. कुस्ती मात्र मारली अपक्ष विशाल पाटलांनी.

विद्वानांचा यावर आक्षेप असा, की 'उभा राहणं' हे इंग्रजीतल्या 'स्टँड'चं भाषांतर आहे. असेल. पण इंग्रजीत माघार घेणारासुद्धा 'स्टँड डाउन'च करतो, म्हणजे खाली उतरून उभाच. तो बसत नाही. बसतो फक्त आपला. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे : मग मराठी पोरगा परीक्षेला 'बसतो' म्हणजे भाग घेतो, आणि उमेदवार निवडणुकीत 'बसतो' म्हणजे भाग घेत नाही, हे कसं? यावर माझं उत्तर सोपं आहे. परीक्षेत बाकावर बसतात आणि फडात बसलेला गडी कुस्ती टाळतो. क्रियापद एकच, जागा वेगळ्या. हे ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा चैत्रात कुठल्याही जत्रेचा फड बघून यावा.

राज्यसभेत तर हे क्रियापद फारच शोभतं. ही जागा राज्याची, मतदार आमदार, मतं पसंतीक्रमाची. बहुतेक वेळा जागा तितकेच उमेदवार असतात, कारण जादाचा आधीच कुठेतरी बसलेला असतो. 2022 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात सहा जागांना सात जण उभे राहिले. अर्ज मागे घ्यायची मुदत 3 जूनला संपली. त्याआधी 'तुमचा बसवा', 'तुमचाच बसवा' असं दोन्हीकडून चाललं होतं, पण कुणीच बसलं नाही. दोन दशकांहून जास्त काळानं इथे राज्यसभेला खरंखुरं मतदान झालं आणि 10 तारखेच्या मतदानाचा निकाल लागायला मध्यरात्र उलटली. सहाव्या जागेला कोल्हापूरचेच दोघे समोरासमोर होते. धनंजय महाडिक आले, संजय पवार पडले. त्या आठवड्यात वाहिन्या सातही जणांना 'दावेदार' म्हणत होत्या. अर्ज छाननीतून पार पडला, मुदत संपली, मतपत्रिकेवर नाव छापलं, आता आणखी कसला दावा राहिला?

'कळलं ना लोकांना, मग झालं' असं म्हणणारे खूप आहेत. शब्दानं घोटाळा होतो की नाही ते सातारकरांना विचारा. 2024 च्या लोकसभेला शशिकांत शिंद्यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि एका अपक्षाला मिळालेलं चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी. त्या ट्रम्पेटचं मराठीत भाषांतर केलं 'तुतारी'! शिंदे पडले 32 हजारांवर मतांनी, आणि पिपाणीला 37 हजारांवर मतं पडली. त्यांतली किती चुकून पडली ते मशीनलाच ठाऊक. पण पिपाणीला तुतारी म्हणणारा भाषांतरकार एखाद्या लग्नाच्या वरातीपुढून तरी कधी चालला होता का? एक वाकडी नि लांब, दुसरी सरळ नि आखूड. लहान पोरगंही सांगेल.

असो. तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच होता. उमेदवाराला वेगळं स्त्रीलिंगी रूप करू नका. 'त्या उमेदवार आहेत' एवढं पुरे. 'उमेदवारीण' म्हणायचा मोह होतो, पण मराठीत पाटलीण, सुभेदारीण, कुलकर्णीण हे शब्द बहुधा हुद्द्यावरच्या माणसाच्या बायकोला लागतात. त्या चालीनं उमेदवारीण म्हणजे उमेदवाराची बायको, हळदीकुंकवाला घरोघर फिरणारी. तीही इकडे असतेच, पण ती वेगळी. कराडातून प्रेमलाबाई चव्हाण लोकसभेवर गेल्या, सांगलीतून शालिनी पाटील गेल्या. लोकांनी एकीला काकी म्हटलं, दुसरीला ताई.