‘व्हिजिलांटी’ला ‘जागल्या’ म्हणावे का?

अमेरिकेतल्या माँटानाच्या सोनखाणींवर लिहिताना ‘व्हिजिलांटी’साठी, म्हणजे कायदा हातात घेऊन गुन्हेगाराला परस्पर शिक्षा करणाऱ्यासाठी, ‘जागल्या’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर शब्द चपखल आहे. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ पहारेकरी, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला ‘जागा असलेला’. आपल्याकडे रात्री पिकाच्या जागलीला बसतो तो जागल्या. तरीही मी हा शब्द तिथे वापरणार नाही.

जागल्या हाळी देतो, गाव उठवतो. चोराचे काय करायचे ते पाटील आणि पंच बघतात. म्हणून तर कचेरीतला गैरव्यवहार उजेडात आणणाऱ्यालाही आपण आज जागल्या म्हणतो. त्याच्या हातात दोर कधीच नसतो.

माँटानात दोरच होता. १८६३ मध्ये तिथल्या आल्डर गल्च या घळीत सोने सापडले, माणसे लोटली. न्यायालय मात्र शेकडो मैलांवर. वाटमारी आणि खून वाढले. डिसेंबरात खुनाचा आरोप असलेल्या जॉर्ज आइव्ह्जवर निदान उघड्यावर, लोकांसमोर खटला चालला आणि २१ तारखेला त्याला फाशी झाली. दोनच दिवसांत शपथ घेऊन गुप्त समिती उभी राहिली, आणि मग खटलाही उरला नाही. १० जानेवारी १८६४ रोजी बॅनाक या खाणगावाचा निवडून आलेला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, हेन्री प्लमर यालाच लटकवले. तो खरोखर दरोडेखोरांचा म्होरक्या होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मार्चमध्ये जॅक स्लेडला फाशी दिली ती खुनासाठी नव्हे, दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल! माझ्या मते समितीची घसरण इथे स्पष्ट दिसते. मे महिन्यात माँटाना स्वतंत्र टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश) झाला, वर्षअखेरीस तिथले मुख्य न्यायमूर्ती हॉस्मर यांनी आता हे काम न्यायालयावर सोडा असे बजावले. तरी तुरळक फाशा १८७० पर्यंत चालूच राहिल्या.

‘झुंड’ही बसत नाही, कारण या मंडळींना अध्यक्ष होता, नियम होते. ‘दक्षता समिती’ हे ‘व्हिजिलन्स कमिटी’चे शब्दशः भाषांतर, पण वाचकाला रेशन दुकानाची समिती आठवेल. मी ‘स्वयंघोषित दंडपथक’ लिहीन, आणि एकट्या माणसासाठी सरळ ‘कायदा हातात घेणारा’. समास नको तिथे वाक्प्रचार पुरतो.