जुनी प्रीमियर पद्मिनी कार, सेल्फ फिरतो पण स्पार्कच नाही, सुरुवात कुठून करू?

सेल्फ जोरात फिरतोय ना, मग बॅटरीच्या मागे लागू नका. पॉइंटवाली गाडी आहे (पॉइंट म्हणजे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), कॉइलपासून बघा, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. किल्लीचा स्विच ऑन करून कॉइलच्या प्लसला टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा छोटा बल्ब, दुसरी वायर बॉडीला) लावा, पेटला नाही तर स्विच नाहीतर वायरिंग गेलंय. पेटला तर तोच लॅम्प मायनसला लावून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा (गाडी न्यूट्रलला ठेवा हां!), लॅम्प लुकलुकला पाहिजे. नुसताच पेटून राहिला तर पॉइंटवर काजळी किंवा गॅप बिघडलाय, पॉलिश पेपर मारून गॅप साधारण ०.४५ मिमी करा, बहुतेक वेळा काम इथेच होतं. पेटलाच नाही तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) शॉर्ट नाहीतर कॉइल उडालीय. लुकलुकतोय तरी स्पार्क नाही? मग डिस्ट्रिब्युटरचा रोटर (आतला फिरणारा तुकडा) आणि कॅप (वरचं झाकण) यांना तडा गेलाय का बघा, पावसाळ्यात तर आधी कॅप पुसा.