'धावण्यासाठी राजीनामा'? अहो, आपल्याकडे उभं राहतात

एका मित्राने विचारलंय: फिलाडेल्फियाच्या बातमीत होतं की तिथल्या नगरसेवकाला महापौरपद लढवायचं तर आधीचं पद सोडावं लागतं, 'रिझाइन टू रन' म्हणतात त्याला. त्याचं मराठी त्याला 'धावण्यासाठी राजीनामा' असं दिसलं, ते बरोबर का? आणि कायद्यानेच द्यायला लावला तर त्याला राजीनामा म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपंय. 'धावण्यासाठी' वाचून मला सारसबागेत सकाळी पळणारे काका आठवले. अमेरिकेत इलेक्शनला धावतात, आपल्याकडे उभं राहतात, "यंदा प्रभागातून कोण उभं राहतंय?" असंच विचारतो ना आपण. तेव्हा धावणं कट.

दुसऱ्यात खरी मजा आहे. राजी अधिक नामा, अरबी-फारसीतून आलेला शब्द, नामा म्हणजे लेखी कागद, करारनामा-जाहीरनाम्यातला तोच. म्हणजे मुळात 'मी राजी आहे' असं लिहून दिलेला कागद, पदाबिदाचा संबंध नाही. हिंदीत अजूनही कोर्टातल्या तडजोडीला राजीनामा म्हणतात आणि पद सोडायला इस्तीफा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मुळशीकडच्या जमिनीचा एक पिवळा पडलेला कागद होता, वर 'राजीनामा' लिहिलेलं, मला लहानपणी वाटायचं पणजोबांनी कुठलीतरी मोठी नोकरी सोडली असणार! नंतर कळलं की जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून द्यायचे आणि नवीन घेणारा कबुलायत, म्हणजे 'मला कबूल आहे' असा कागद, लिहून द्यायचा, महसुलातली जुनी जोडी आहे ती. राजीखुशीने सोडणं हा अर्थ बहुतेक तिथूनच नोकरीत आणि पदात आला असावा, हा माझा अंदाज हां.

मग सक्तीचा राजीनामा म्हणजे नाराजीचा राजीनामा झाला की! पण वापरात ते कधीच चालून गेलंय, 'त्याचा राजीनामा घेतला' आपण बिनदिक्कत म्हणतो, 'घेतला' मध्येच सगळं आलं. आणि फिलाडेल्फियात माणूस निदान स्वतः लिहून तरी देतो. चेरेल पार्कर बाईंनी 2022 मध्ये सिटी कौन्सिल सोडलं, 2023 मध्ये महापौर म्हणून निवडून आल्या. हा सरळ राजीनामाच.

टेक्सासमध्ये मात्र घोळ आहे. तिथे बऱ्याच स्थानिक पदांना असा नियम आहे की मुदत संपायला 1 वर्ष 30 दिवसांपेक्षा जास्त वेळ असताना दुसऱ्या पदासाठी उमेदवारी नुसती जाहीर केली तरी आधीचं पद सोडलं असंच धरतात, कागद द्या नाहीतर नका देऊ. आता हा नियम पुण्यात आणून बघा. चौकाचौकात 'भावी आमदार' चे फ्लेक्स, वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली पन्नास फोटो, आणि फ्लेक्स लागला त्याच दिवशी नगरसेवकपद गेलं! म्हणून तर आपल्याकडे 'इच्छुक' हा शब्द एवढा सोयीचा, इच्छुक म्हणजे उमेदवार नव्हे, नुसती इच्छा आहे हो.

आपल्याकडे नगरसेवक-महापौरांना अशी अट नाही. मुक्ता टिळक 2019 मध्ये पुण्याच्या महापौर असतानाच कसब्यातून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. आमदार लोकसभेवर गेला तर मात्र दोन्हीकडे बसता येत नाही, 14 दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाही सोडली तर खासदारकी जाते. पण ते निवडून आल्यावर, उभं राहताना नाही.

तर माझं मत असं, बोलताना 'पद सोडून उभं राहावं लागतं', हेडलाइनला 'आधी राजीनामा, मग उमेदवारी', आणि अगदी सरकारी भाषाच हवी असेल तर 'उमेदवारीपूर्व राजीनाम्याची अट'. टेक्सासवाल्या प्रकाराला मात्र 'पद आपोआप रिक्त होतं' म्हणा, कागदच नाही तिथे नामा कसला.