फ्रेंच कथाकार मोपासांचा ‘नेकलेस’ पहिल्यांदा वाचताय?

सुरुवातीला १८८४ची ही एकच कथा पुरे. शेवट कुणाकडून ऐकू नका. मी ऐकला होता, अजून हळहळतो.

नवे वाचक नायिका माटिल्डला ‘नटवी’ म्हणून मोकळे होतात. जरा नवऱ्याकडेही बघा. साधा कारकून, बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखाला देतो. मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवल्यावर तिला ‘फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय’ असं कळवायची थाप मात्र त्याचीच!

दुसऱ्या वाचनात सराफाचं बोलणं हेरा: हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझी.

फ्रँकचे रुपये करत बसू नका. बदली हाराच्या ३६,००० साठी काढलेलं कर्ज फेडायला दहा वर्षं गेली, एवढं पुरे. शैलीबिली नंतर. मग त्याचीच १८८३ची ‘दागिने’ घ्या.