सब-आउटला जोडूनही सबवूफर गप्प का?

तुमचा पॅसिव्ह, म्हणजे आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेला, सबवूफर बिघडलेला नाही. रिसीव्हरच्या सब-आउटमधून, म्हणजे सबवूफरसाठीच्या आउटपुटमधून, नुसता सिग्नल येतो, सबवूफरचा पडदा (कोन) हलवायची ताकद त्यात नसते. मध्ये वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवाच. सब-आउटमधून आरसीए केबल अ‍ॅम्पला, तिथून जाड स्पीकर वायर सबवूफरला, लाल लालला आणि काळी काळीला. अ‍ॅम्प घ्यायला इंदूरच्या महाराणी रोडला जाल तेव्हा सबवूफरच्या पाठीवरचा ओमचा (विद्युत रोधाचा) आकडा लिहून न्या. ४ ओम असेल तर ४ ओम पेलणाराच अ‍ॅम्प मागा.

फ्रंट स्पीकरच्याच टर्मिनलवर सबवूफर मात्र लावू नका, कृपा करा! ८ ओमचे दोन समांतर जोडले की भार ४ ओमचा होतो आणि रिसीव्हर तापतो. मी ते करून बसलो होतो. इंदूरच्या मे महिन्यात रिसीव्हरच्या झाकणावर हात ठेववेना. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा, ८० हर्ट्झपासून सुरू करा.