गावी घर बांधताना नकाशात न दिसणाऱ्या पण पुढे रोज अडणाऱ्या कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की कणकवलीजवळ चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर बांधताय, तळमजला आणि वर स्लॅब. नकाशा मंजूर आहे, काम दिवाळीनंतर सुरू होईल. पहिली काही वर्षं मुंबईतून येऊन-जाऊन राहणार आणि निवृत्तीनंतर कायमचे येणार. मी याच जिल्ह्यात घरांच्या बांधकामावर देखरेख करते, म्हणून सविस्तर लिहिते.

खोलीचं माप अर्धा फूट इकडेतिकडे झालं तर माणूस जुळवून घेतो. पण पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, वायर कुठून फिरणार, भिंतीला आणि स्लॅबला भोकं कुठे हवीत, या गोष्टींसाठी तीनच वेळा असतात: जोतं भरण्याआधी, स्लॅब ओतण्याआधी आणि गिलाव्याआधी. त्या टळल्या की पुढे फोडाफोड आली. चिऱ्याच्या घरात तर हे जास्तच जाणवतं. बाहेरून गिलावा न करता नुसत्या दर्जा (दगडांमधल्या फटी) भरून चिरा उघडा ठेवायचा असेल (दिसतो फार सुंदर, ठेवाच), तर बाहेरचे दिवे, कॅमेरा, एसीचा पाईप, चिमणीचं सहा इंची भोक हे सगळं भिंत चढत असतानाच सोडून घ्यावं लागतं. नंतर कटर मारला की त्या भिंतीवरची खूण कायमची.

नकाशात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मागीलदाराकडे. पुढची पडवी, खांब, खिडक्यांच्या कमानी यांवर महिनाभर चर्चा होते आणि मागे तीन फुटांचा पत्रा टाकून काम संपतं. आपल्याकडे घराचं निम्मं काम मागीलदारी होतं. मोठी भांडी घासणं, मासे साफ करणं, नारळ सोलणं, शेतातून आल्यावर पाय धुणं, गणपतीत वीस माणसांचा स्वयंपाक आला की जास्तीची चूल पेटवणं, सगळं तिथेच. म्हणून मागची पडवी किमान सहा फूट रुंद आणि डोक्यावर पक्कं छप्पर असलेली करा. तिथे जमिनीलगत एक मोरी, कडेला फूटभर उंचीचा कट्टा, गुडघ्याच्या उंचीवर एक नळ आणि हात धुण्यासाठी कमरेच्या उंचीवर दुसरा. मोरीचं पाणी जाळी लावलेल्या चेंबरमधून माडांकडे किंवा केळींकडे वळवा. वॉशिंग मशीन तिथेच ठेवणार असाल तर पाण्याचा पॉइंट, सांडपाण्याचा वेगळा पाईप आणि १६ अँपिअरचा सॉकेट, तिन्ही एकाच भिंतीवर घ्या. आणि तिथेच छपराखाली कपडे वाळत घालायच्या दांड्या. जून ते सप्टेंबर कपडे कुठे वाळणार हा प्रश्न मी प्रत्येक घरमालकाला विचारते आणि नकाशात त्याचं उत्तर क्वचितच सापडतं. मग चार महिने हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या जातात आणि ओल भिंतींत मुरते.

आता पाऊस. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावरून एका पावसाळ्यात अडीच लाख लिटरहून जास्त पाणी खाली येतं. ते नुसत्या पागोळ्यांनी जोत्याच्या कडेला आपटलं तर तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर दोन-तीन फूट चढतात आणि जोत्यालगतची जमीन धुपते. पन्हळ आणि चार इंची उभे पाईप कुठे उतरणार ते आत्ताच दाखवून घ्या. त्यातलं काही पाणी गाळून विहिरीकडे नेता आलं तर मे महिन्यात त्याचं मोल कळेल. खिडक्यांवरची छज्जी, विशेषतः पश्चिम आणि नैऋत्येची, दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नका. छज्जीच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच करायला गवंडी हमखास विसरतो. ती नसली की पाणी छज्जीच्या पोटाला चिकटून थेट खिडकीच्या चौकटीत येतं.

स्लॅबबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. इथे बहुतेक लोक चार-पाच पावसाळ्यांनंतर गळतीला कंटाळून स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. तेव्हा खांब उभे करायला स्लॅबमध्ये ड्रिल मारतात आणि आहे ते वॉटरप्रूफिंगही फोडतात. तुम्हीही पुढेमागे घालणारच असाल, तर ती परवानगीत आत्ताच दाखवा. स्लॅब ओतताना भिंतींच्या डोक्यावर येतील असे फूटभर उंचीचे ठोकळे सळ्यांसकट वर काढून त्यात बोल्ट बसवून ठेवा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथल्या किती छपरांचे पत्रे उडाले ते तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून बोल्ट आणि खांब इंजिनिअरकडूनच काढून घ्या. शेडचा मोठा उतार दक्षिणेला ठेवलात तर त्यावर सौर पॅनेल चांगले बसतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तेव्हा छपरापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप आजच टाकून ठेवा.

रिकामे पाईप जोत्यातही हवेत. जोत्याच्या बीममधून आणि खळ्याच्या (पुढच्या अंगणाच्या) खालून दोन-तीन ठिकाणी चार इंची पाईपचे तुकडे आरपार सोडा आणि तोंडं बंद करा. पुढे बोअरची केबल, इंटरनेटची तार, बागेचं पाणी, काहीही न्यायचं झालं तर वाट तयार. खर्च नगण्य. वाळवीसाठीची फवारणी मात्र जोत्याच्या भरावावर पाईपचं काम झाल्यानंतर करून घ्या. उलट क्रमाने केलं तर खोदाईत औषधाचा थर तुटतो आणि वाळवीला नेमकी तीच जागा सापडते.

तुमचं घर काही वर्षं महिनोन्महिने बंद राहणार, याचा विचार आर्किटेक्टने केलेला नसणार. मेन स्विचच्या पुढे वायरिंगचे दोन भाग करा: कॅमेरा, राउटर, बाहेरचा दिवा एका बाजूला आणि बाकी घर दुसऱ्या बाजूला, म्हणजे जाताना बाकीचं घर एका खटक्यात बंद. टाकीपासून घरात येणाऱ्या पाण्यालाही तसाच एक मुख्य कॉक, सहज हात पोचेल अशा जागी. प्रत्येक खोलीत छताजवळ जाळी लावलेले झरोके ठेवा, कारण खिडक्या बंद असतानाही हवा खेळायला हवी. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, बुरशी येते. शिवाय न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहतं तेच गटाराचा वास अडवतं. घर बंद असलं की ते वाळतं आणि वास, झुरळं आत येतात. निघताना तिथे तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे तेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

निवृत्तीनंतर राहणार म्हणता, तर निदान एका न्हाणीघराचं दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरूनही काढता येईल अशी. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. खळ्यातून पडवीत यायला पायऱ्यांच्या शेजारी रॅम्पसाठी जागा मोकळी सोडा. आज तिथे कुंड्या ठेवा. जिन्याची पायरी सहा-साडेसहा इंचांपेक्षा उंच नको.

विजेचं थोडक्यात. गिझर आणि एसीला वेगळी ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, न्हाणीघरांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (शॉक बसू लागला तर वीज आपोआप तोडणारा स्विच), इन्व्हर्टरसाठी हवेशीर कोनाडा आणि त्याचं वायरिंग वेगळं. जिन्याला आणि झोपायच्या खोलीला दोन्हीकडून लागणारे-विझणारे स्विच. दार उघडल्यावर बोर्ड दाराच्या मागे जात नाही ना, हे खडूने दार काढून पाहा. प्लॉटजवळून व्हाळ (ओढा) जात असेल तर मीटर, इन्व्हर्टर आणि पंपाचा स्टार्टर गावातल्या जुन्या माणसांना आठवतं त्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी किती चढलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

सेप्टिक टँकची झाकणं पोर्चच्या लादीखाली गाडू देऊ नका, आणि उपसा करणाऱ्या टँकरची नळी तिथवर पोचेल हे बघा. वरची टाकी हजार लिटरची असेल तर भरल्यावर पाण्याचंच वजन एक टन होतं, म्हणून तिची जागा इंजिनिअरला स्लॅबआधी सांगा. सोलर हीटर घेणार असाल तर थंड पाण्याची टाकी त्याच्या टाकीपेक्षा उंच लागते.

आणि कड्या! झोपाळ्याच्या कड्या स्लॅबच्या सळ्यांत अडकवून ओतलेल्याच हव्यात. गणपती जिथे बसणार त्या जागी वर माटवीसाठी (फळं-पानं बांधायच्या टांगत्या चौकटीसाठी) चार हूक आणि बाजूला दोन प्लग पॉइंट घ्या. हे नकाशात कुणी दाखवत नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री पंख्याच्या हुकाला सुतळ्या बांधाव्या लागतात.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो काढा, चौकटीत मोजायची टेप धरून, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते दिसेल. मुंबईहून येणं जमणार नसेल तर त्या दिवशी घरच्या कुणाला तरी साइटवर उभं करा.

मागीलदार कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेला असेल तर सहा फुटांची पडवी पुरणार नाही, आठ करावी लागेल, आणि वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढी जाळीची भिंत लागेल. ते कळवलंत तर मोरी कुठे घ्यावी हेही सांगता येईल.